लेखी सल्ला हे वैद्यकीय कामच आहे

रुग्णाने डॉक्टरांना लिहून प्रश्न विचारावा की विचारू नये, हा वाद आता उरलेला नाही. रुग्ण विचारतोच आहे. डेन्मार्कमध्ये किंवा अमेरिकेत तो ई-मेलने किंवा रुग्णालयाच्या पोर्टलवरून विचारतो, आपल्याकडे बहुतेक वेळा व्हॉट्सॲपवर. साधन कोणतेही असो, घडते ते एकच. समोर न बसता, स्वतःच्या शब्दांत, स्वतःच्या सवडीने रुग्ण काही सांगतो आणि डॉक्टर वाचून, विचार करून उत्तर देतात. या व्यवहाराला आपण अजून वैद्यकीय काम मानलेले नाही. रुग्ण त्याला ओळखीचा लाभ समजतो, डॉक्टर त्याला भिडेखातर केलेली मदत समजतात, आणि रुग्णालयाच्या हिशेबात ते कुठे दिसतच नाही. आज मला एकच गोष्ट मांडायची आहे. लेखी प्रश्नाला दिलेले लेखी उत्तर ही तपासणीइतकीच जबाबदारीची वैद्यकीय सेवा आहे. तिला वेळ, मोबदला, नोंद आणि मर्यादा या चारही गोष्टी मिळायला हव्यात. त्या न दिल्यामुळेच आज रुग्ण आणि डॉक्टर दोघांचेही नुकसान होते आहे.

हा प्रकार नवा आहे, ही समजूत आधी बाजूला ठेवू. अठराव्या शतकात युरोपात पत्राने वैद्यकीय सल्ला घेणे ही सर्वमान्य पद्धत होती. लोझान शहरातले डॉक्टर सॅम्युएल-ऑग्युस्त तिसो यांच्याकडे युरोपभरातून रुग्णांची पत्रे येत. त्यांतली हजाराहून अधिक पत्रे आजही तिथल्या ग्रंथालयात जपून ठेवलेली आहेत. एडिंबरोचे प्राध्यापक विल्यम कलन यांचा पत्रव्यवहार तर त्याहून मोठा. दूरगावचा रुग्ण, किंवा त्याचा स्थानिक वैद्य, आजाराची सगळी हकिगत लिहून कळवी: झोप कशी लागते, जेवण काय, शौचाला कसे होते, आजवर कोणकोणती औषधे झाली. कलन त्यावर सविस्तर उत्तर लिहीत, पथ्य सांगत, औषधाचा कागद जोडत. या कामाची ते फी घेत, आणि पाठवलेल्या प्रत्येक उत्तराची प्रत स्वतःजवळ ठेवत. आधी ही नक्कल लेखनिकाकडून हाताने होई; १७८१ पासून त्यांनी त्यासाठी जेम्स वॉट यांचे नवे प्रतियंत्र वापरायला सुरुवात केली. त्या काळचे सर्वांत आधुनिक कार्यालयीन यंत्र एका डॉक्टरांनी घेतले ते रुग्णांना दिलेल्या लेखी सल्ल्याची नोंद राहावी म्हणून. हे काम त्यांना किती गंभीर वाटत होते, हे यावरून समजते.

मग ही पद्धत मागे का पडली? टपाल बंद पडले म्हणून नव्हे. टपाल तर एकोणिसाव्या शतकात स्वस्त आणि वेगवान झाले. कारण वैद्यकशास्त्राच्या आतले होते. १८१६ मध्ये लेनेक यांनी स्टेथोस्कोप शोधला, पुढे थर्मामीटर रुग्णाच्या उशाशी आला, पोट चाचपून आणि छातीवर बोटांनी ठोकून निदान करण्याचे शास्त्र पक्के झाले. रुग्ण जे सांगू शकत नव्हता ते डॉक्टरांच्या हाताला आणि कानाला कळू लागले. त्यामुळे पत्रातली हकिगत अपुरी ठरली आणि रुग्णाने समोर येणे आवश्यक झाले. लेखी सल्ल्याविरुद्धचा सर्वांत वजनदार आक्षेप हाच आहे आणि तो आजही तितकाच खरा आहे. पोटात दुखणाऱ्या माणसाच्या पोटावर हात ठेवल्याशिवाय अपेंडिक्स आहे की गॅस, हे सांगता येत नाही. तापलेल्या तान्ह्या मुलाची टाळू खोल गेली आहे का, ते किती मलूल आहे, हे कोणतीही ई-मेल सांगणार नाही.

पण याच तर्काने पुढे गेले, तर लेखी प्रश्न परत का आला हेही समजते. मोबाइल हातात आला हे त्याचे अर्धेच कारण. दुसरे अर्धे कारण असे की आपले आजार बदलले. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे जे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यांनुसार भारतात मधुमेहाचे सुमारे १० कोटी १० लाख रुग्ण आहेत आणि उच्च रक्तदाब प्रौढांपैकी ३५ टक्क्यांहून अधिक लोकांना आहे. त्यांत थायरॉइड, दमा, फिट्स, हृदयाचे जुने आजार मिळवा. या आजारांत निदान एकदा होते आणि उपचार जन्मभर चालतात. निदानाच्या दिवशी डॉक्टरांचा हात आणि डोळा लागतो. त्यानंतरच्या बहुतेक दिवशी लागतो तो एखादा आकडा, चार नेमके प्रश्न आणि डोसमधला छोटा बदल.

हृदयाची झडप बदललेल्या रुग्णाचे उदाहरण घेऊ. लहानपणच्या संधिवाताच्या तापाने झडप खराब झालेले असे रुग्ण आपल्या खेड्यापाड्यांत पुष्कळ आहेत. कृत्रिम धातूची झडप बसवली की रक्त पातळ ठेवणारी गोळी कायमची मागे लागते. ती गोळी कमी पडली तर झडपेवर गुठळी धरते, जास्त झाली तर मेंदूत किंवा पोटात रक्तस्राव होतो. म्हणून ठरावीक दिवसांनी रक्ताची आयएनआर चाचणी करायची आणि आकड्याप्रमाणे अर्धी गोळी वाढवायची किंवा कमी करायची. आता चंदगड किंवा आजऱ्याकडचा माणूस या आकड्यासाठी कोल्हापूर गाठतो. सकाळची एसटी धरायची, दवाखान्यात नंबर लावायचा, दुपारपर्यंत बाकावर बसायचे. डॉक्टर कागद पाहतात, ‘सोमवार-गुरुवार अर्धी जास्त घ्या’ म्हणतात, आणि माणूस संध्याकाळच्या गाडीने परततो. दिवसाची मजुरी बुडाली, सोबत आलेल्या मुलाची बुडाली, भाडे वेगळे. या भेटीत डॉक्टरांना तपासणीपेक्षा अधिक गरज होती ती चार उत्तरांची: हिरड्यांतून रक्त येते का, शौचाला काळे होते का, मधल्या काळात कोणी अँटिबायोटिक किंवा दुखण्याची गोळी दिली का, एखादा डोस चुकला का. हे चारही प्रश्न लिहून विचारता येतात आणि त्यांची उत्तरे लिहून देता येतात. उलट लिहून दिलेले उत्तर चुलीजवळच्या भिंतीवर चिकटवता येते. तोंडी सांगितलेला सोमवार-गुरुवार एसटीत बसेपर्यंत मंगळवार-शुक्रवार होऊ शकतो.

हा शेवटचा मुद्दा किरकोळ नाही. डॉक्टरांनी सांगितलेल्यापैकी ४० ते ८० टक्के माहिती रुग्ण लगेच विसरतात, असे या विषयावरच्या संशोधनाचा आढावा सांगतो. आणि आपल्याकडे सांगायला वेळ तरी किती असतो? ६७ देशांतल्या प्राथमिक उपचारांच्या भेटींचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. स्वीडनमध्ये सरासरी भेट २२.५ मिनिटांची होती, बांगलादेशात ४८ सेकंदांची, आणि भारतातली सुमारे दोन मिनिटांची. दोन मिनिटांत रुग्ण मनातले सगळे बोलू शकत नाही. जे बोलायचे राहिले ते दाराबाहेर आल्यावर आठवते, आणि तेव्हा आत पुढचा नंबर गेलेला असतो. भेट एवढी आखूड असलेल्या देशाला लेखी प्रश्नाची गरज स्वीडनपेक्षा अधिक आहे.

आता पुराव्याकडे येतो. अमेरिकेतल्या कैसर पर्मनेंटे या मोठ्या आरोग्यसंस्थेच्या दक्षिण कॅलिफोर्नियातल्या ३५,४२३ मधुमेही आणि रक्तदाबाच्या रुग्णांचा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांनी डॉक्टरांशी सुरक्षित ई-मेलने संपर्क ठेवला त्यांच्यात साखर, कोलेस्टेरॉल व रक्तदाब यांच्या तपासण्या आणि नियंत्रणाच्या मोजमापांत दोन महिन्यांच्या काळात २ ते ६.५ टक्केबिंदूंची सुधारणा दिसली. यावर कोणी म्हणेल की लिहिणारा रुग्ण मुळातच काळजी घेणारा असतो, श्रेय ई-मेलचे कशावरून? आक्षेप बरोबर आहे. अशा पाहणीतून कार्यकारण पूर्णपणे सिद्ध होत नाही, आणि मी तसा दावा करणार नाही. दुसरीही एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. ई-मेलमुळे दवाखान्याच्या फेऱ्या कमी होतात, असे कैसरच्याच आधीच्या अभ्यासात दिसले होते. पण २०१८ मध्ये अमेरिकेतल्याच दुसऱ्या एका आरोग्यसंस्थेच्या आकडेवारीवरून संशोधकांनी दाखवले की लेखी सल्ला सुरू झाल्यावर प्रत्यक्ष भेटी सुमारे ६ टक्क्यांनी वाढल्या. लिहिताना नव्या तक्रारी पुढे येतात, डॉक्टरांना शंका येते आणि ते रुग्णाला बोलावून घेतात. म्हणून लेखी सल्ल्याने गर्दी कमी होईल, खर्च वाचेल, या आशेवर त्याचे समर्थन करू नये. रुग्णाला वेळेवर, नीट समजेल असे आणि जवळ ठेवता येईल असे उत्तर मिळते, एवढे कारण मला पुरेसे वाटते.

डेन्मार्कने हे ओळखून २००९ पासून प्रत्येक सामान्य डॉक्टरांना ई-मेल सल्ल्याची सोय ठेवणे बंधनकारक केले. तिथे दोन गोष्टी एकत्र आल्या: सक्ती आणि मोबदला. ई-मेल सल्ल्याचे ठरावीक शुल्क डॉक्टरांना सार्वजनिक आरोग्यव्यवस्थेकडून मिळते, रुग्णाच्या खिशाला भार पडत नाही, आणि ते काम डॉक्टरांच्या दिवसाच्या हिशेबात धरले जाते.

जिथे हा हिशेब आधी ठेवला गेला नाही तिथे काय झाले, तेही पाहण्यासारखे आहे. अमेरिकेत बहुतेक रुग्णालयांनी पोर्टल सुरू केली, रुग्णांना लिहायला सांगितले, आणि डॉक्टरांची बाह्यरुग्ण विभागाची वेळ मात्र तीच ठेवली. करोनाच्या साथीत रुग्णांकडून येणारे संदेश वाढून साथीपूर्वीच्या सरासरीच्या १५७ टक्क्यांवर पोचल्याचे एका मोठ्या अभ्यासात आढळले. प्रत्येक वाढत्या संदेशामागे डॉक्टरांची संगणकावरची सुमारे सव्वादोन मिनिटे वाढत होती. दिवसाला असे तीस-चाळीस संदेश म्हटले तर रोजचा तास-दीड तास जातो, आणि तो रात्री, घरी, जेवण झाल्यावर. अमेरिकी डॉक्टरांच्या थकव्याच्या चर्चेत संदेशांचा हा ढीग आज हमखास येतो. शेवटी काही रुग्णालयांनी शुल्क लावले. सान फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाने २०२१ च्या नोव्हेंबरात, क्लीव्हलँड क्लिनिकने २०२२ च्या नोव्हेंबरात. त्यावर वर्तमानपत्रांतून टीका झाली. पण सान फ्रान्सिस्कोच्या अनुभवाचा अभ्यास झाला तेव्हा दिसले की शुल्क फार थोड्या संदेशांना लागले आणि संदेशांची संख्या किंचितच घटली. ज्यांना खरोखर विचारायचे होते ते विचारत राहिले. इंग्लंडमध्ये १ ऑक्टोबर २०२५ पासून सामान्य डॉक्टरांच्या दवाखान्यांनी ऑनलाइन विचारणा सकाळी ८ ते सायंकाळी ६.३० उघडी ठेवायची, असा नियम लागू झाला, आणि तिथल्या डॉक्टरांच्या संघटनेने मनुष्यबळ न वाढवता हे काम झेपणार नाही म्हणून विरोध केला. रुग्णाचा हक्क आणि डॉक्टरांचा वेळ यांचा विचार एकत्र केला नाही की हे असे होते.

महाराष्ट्रात पोर्टलचा आणि ई-मेलचा टप्पा बहुतांश वगळूनच आपण व्हॉट्सॲपवर आलो. डॉक्टरांचा खासगी नंबर केस पेपरवर छापलेला असतो किंवा कम्पाउंडरकडून मिळतो. मग रात्री अकरा वाजता संदेश येतो: ‘गुड इव्हनिंग सर, आईला परत तसंच होतंय. काय देऊ?’ या आठ-नऊ शब्दांत काय नाही ते पाहा. लिहिणारा कोण हे नाही, कारण डॉक्टरांच्या फोनमध्ये तो नंबर साठवलेला नाही. आई कोण, वय काय, हे नाही. ‘तसंच’ म्हणजे काय, चक्कर की उलटी की छातीत जळजळ, हे नाही. कधीपासून, किती वेळा, सध्या कोणत्या गोळ्या चालू आहेत, साखर किती, हे काही नाही. त्याखाली एक फोटो असतो. रिपोर्ट आडवा धरलेला, वरची पट्टी कापलेली, म्हणजे रुग्णाचे नाव आणि तारीख नेमकी गेलेली. क्रिएटिनिनचा आकडा दिसतो, पण तो परवाचा आहे की गेल्या दिवाळीचा, हे कळायला मार्ग नाही. दिवसभरात ऐंशी रुग्ण पाहून आलेले डॉक्टर यावर काय लिहिणार? एक तर ‘उद्या घेऊन या’ म्हणतात, मग रुग्णाला वाटते की टाळले. किंवा भिडेने गोळीचे नाव लिहून टाकतात, आणि तिथे धोका सुरू होतो. दोघांचीही इथे चूक नाही. काय लिहायचे हे रुग्णाला कोणी सांगितलेले नाही, आणि ते केव्हा वाचायचे याची वेळ डॉक्टरांना कोणी दिलेली नाही.

हा धोका कायद्याच्या दारातही गेला. रत्नागिरीतल्या एका प्रकरणात बाळंतपणाची शस्त्रक्रिया झालेल्या महिलेची प्रकृती घरी गेल्यावर बिघडली. डॉक्टर गावात नव्हते, रुग्णालयात फोनवरून उपचार सांगितले गेले, आणि तिचा मृत्यू झाला. जुलै २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या डॉक्टर दांपत्याचा अटकपूर्व जामीन फेटाळला आणि निदानाशिवाय औषध देण्यावर कडक शब्दांत बोट ठेवले. त्यानंतर राज्यातल्या अनेक डॉक्टरांनी फोनवर काहीही सांगायचे नाही असे ठरवले. ही प्रतिक्रिया समजण्यासारखी आहे, पण त्या प्रकरणातून काढलेला तो निष्कर्ष मला बरोबर वाटत नाही. नुकतीच शस्त्रक्रिया झालेला, प्रकृती ढासळत चाललेला रुग्ण आणि आयएनआरचा आकडा कळवणारा स्थिर रुग्ण यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्याला समोर पाहणारा डॉक्टर त्या क्षणी हवाच. दुसऱ्याला दूर ठेवण्याने कोणाचेही संरक्षण होत नाही.

हाच फरक २५ मार्च २०२० रोजी केंद्र सरकारने जाहीर केलेल्या टेलिमेडिसिनच्या मार्गदर्शक तत्त्वांनी स्पष्ट केला. टाळेबंदी लागली त्याच दिवशी ती आली, म्हणून पुष्कळांना ती साथीपुरती तात्पुरती सोय वाटली. ती मुळातून वाचावीत अशी माझी विनंती आहे. त्यांत व्हिडिओ आणि फोनबरोबर ई-मेल, व्हॉट्सॲपसारख्या लेखी माध्यमांना मान्यता आहे. त्याच आजारासाठी सहा महिन्यांच्या आत प्रत्यक्ष तपासलेल्या रुग्णाला पुढचा सल्ला देणे आणि अनोळखी रुग्णाला पहिल्यांदाच सल्ला देणे, या दोन गोष्टी वेगळ्या केल्या आहेत. औषधांच्या याद्या आहेत: पॅरासिटामॉल, ओआरएससारखी कोणत्याही माध्यमातून सांगता येणारी, पहिल्या भेटीत केवळ व्हिडिओवर पाहूनच देता येणारी, जुन्या रुग्णाच्या चालू उपचारांत भर म्हणून देता येणारी, आणि गुंगीच्या, व्यसनाचा धोका असलेल्या औषधांची, जी अशा प्रकारे कधीच द्यायची नाहीत. रुग्णाची ओळख पटवायची, आपला नोंदणी क्रमांक संदेशात द्यायचा, काय विचारले आणि काय सांगितले याची नोंद ठेवायची, तातडीचे असेल तर प्रत्यक्ष उपचारांकडे पाठवायचे. आणि फी घ्यायला परवानगी आहे, तिची पावती द्यायची. म्हणजे वेळ सोडून मी मागितलेल्या बाकी तिन्ही गोष्टी कागदावर आलेल्या आहेत. व्यवहारात मात्र रात्री अकराचा तो संदेश जसा होता तसाच येतो आहे.

काही डॉक्टर म्हणतात, लिहून दिले की अडकलो. तोंडी सांगितलेले बरे. या भीतीमागे खरे अनुभव आहेत, ग्राहक न्यायालयांत खेटे घालणारे डॉक्टर आपल्या आजूबाजूला आहेत. तरी विचार करा. फोनवर काय बोलणे झाले याची दोन बाजूंची दोन वर्णने होतात आणि न्यायालयापुढे दोन्ही हवेतच असतात. ‘छातीत दुखत असेल तर वाट न पाहता रुग्णालयात जा’ असे रात्री ११.१० ला लिहून पाठवलेले वाक्य मात्र तारीख-वेळेसह उभे राहते. काळजीपूर्वक काम करणाऱ्या डॉक्टरांना नोंदीसारखा साक्षीदार नाही. फुकट सल्ला दिला म्हणजे जबाबदारी येत नाही, ही समजूतही चुकीची आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये व्ही. पी. शांता प्रकरणात वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आणल्या, तेव्हाच हेही सांगितले की जिथे काही रुग्णांकडून पैसे घेतले जातात आणि काहींना मोफत सेवा मिळते, तिथे मोफत सेवा घेणाराही ग्राहकच. जबाबदारी येणारच आहे. मोबदला आणि नोंद नसेल तर ती नुसती एकतर्फी येते एवढेच.

मोबदल्याचा मुद्दा आला की दुसऱ्या बाजूने आक्षेप येतो. आधीच उपचार महाग, त्यात आता मेसेजचेही पैसे? गरिबाने काय करायचे? हा प्रश्न मनाला लागतो आणि लागायलाच हवा. पण गरिबाचा आजचा हिशेब मांडून पाहा. चंदगडच्या त्या माणसाने दोन माणसांची मजुरी, एसटीचे भाडे आणि भेटीची फी मोजली. निम्म्या फीत त्याला घरबसल्या लेखी उत्तर मिळाले तर त्याचे पैसे वाचतात. शिवाय आज जे फुकट मिळते ते कोणाला मिळते? ज्याच्याकडे डॉक्टरांचा खासगी नंबर आहे त्याला. तो नंबर ओळखीने मिळतो. डॉक्टरांच्या सोसायटीतल्या, क्लबातल्या, नात्यातल्या माणसाला मिळतो. सरकारी रुग्णालयाच्या रांगेतल्या बाईला मिळत नाही. भिडेवर चालणारी सेवा भीड घालू शकणाऱ्यांपर्यंतच पोचते. दर ठरला, वेळ ठरली, की तीच सेवा सगळ्यांना मागता येते. आणि ज्यांना दरही परवडत नाही त्यांच्यासाठी जिल्हा रुग्णालयाने आपल्याच नोंदणीकृत जुन्या रुग्णांना लेखी उत्तर देण्याची सोय करावी, अशी मागणी आपल्याला करता येते. केंद्र सरकारच्या ई-संजीवनी या टेलिमेडिसिन सेवेवर आज कोट्यवधी सल्ले झाले आहेत ही मोठी गोष्ट आहे, पण तिथे समोर येतो तो त्या वेळी उपलब्ध असलेला डॉक्टर. जुनाट आजाराच्या माणसाला आपला इतिहास माहीत असलेले डॉक्टर हवे असतात.

गोपनीयतेबद्दल मात्र मला खरी चिंता आहे, आणि ती परदेशी लेखांतून वाचलेल्या चिंतेपेक्षा वेगळी आहे. तिकडची चर्चा हॅकर आणि कंपन्यांभोवती फिरते. आपल्याकडे फोन घराचा असतो. नवऱ्याच्या फोनवरून बायको डॉक्टरांना लिहिते, सुनेचा रिपोर्ट सासऱ्यांच्या व्हॉट्सॲपवर येतो, कॉलेजमधल्या मुलीचा फोन भाऊ केव्हाही उघडून पाहतो. गर्भनिरोधकाबद्दल, क्षयाच्या किंवा एचआयव्हीच्या चाचणीबद्दल, मनाच्या आजाराबद्दल, घरात होणाऱ्या मारहाणीबद्दल ती बाई या फोनवर काय विचारणार? डॉक्टरांनी सद्भावनेने पाठवलेले उत्तरच तिला अडचणीत आणू शकते. एचआयव्हीबाबत गोपनीयतेचा स्वतंत्र कायदा २०१७ मध्ये झाला, वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला. पण घरातल्या घरात फोन कोणाच्या हाती असतो हे कोणताही कायदा ठरवत नाही. म्हणून लेखी उत्तराआधी डॉक्टरांनी प्रत्यक्ष भेटीतच, रुग्ण एकटा असताना, विचारून ठेवले पाहिजे: या नंबरवर कोणत्या गोष्टी पाठवू आणि कोणत्या पाठवू नको? केस पेपरवर त्यासाठी एक ओळ पुरते. ज्या विषयांना ‘नको’ म्हटले आहे त्यांच्यासाठी समोरासमोरची भेटच योग्य, आणि तिथे लेखी सल्ल्याचा आग्रह मी धरणार नाही.

ज्यांना लिहिता येत नाही त्यांचा प्रश्न मला तेवढा अवघड वाटत नाही. ध्वनिसंदेश आहे, नातवंडे आहेत, आशाताई आहेत. मार्गदर्शक तत्त्वांनी रुग्णाच्या वतीने विचारणाऱ्या काळजीवाहकालाही जागा दिली आहे, ओळख आणि अधिकाराची खात्री करून. हीच तरतूद न्यू जर्सीत किंवा मेलबर्नला राहून पुण्यातल्या आईवडिलांच्या आजारपणाची चौकशी करणाऱ्या मराठी मुलांना लागू करून घेता येईल. रुग्ण आणि डॉक्टर भारतात आहेत, परदेशी मुलगा फक्त काळजीवाहक आहे, तर आईवडिलांनी त्याला लेखी अधिकार द्यावा आणि घरातल्या एकानेच विचारावे. तीन भावंडांनी तीन खंडांतून एकच प्रश्न तीनदा विचारणे, यात डॉक्टरांचा वेळ तर जातोच, शिवाय तिघांना मिळालेल्या उत्तरांतला फरक घरात नवा गोंधळ उभा करतो.

आता कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला, उत्तरे यंत्र लिहील. २०२३ मध्ये एका अभ्यासात लोकांच्या १९५ वैद्यकीय प्रश्नांना डॉक्टरांनी दिलेली आणि चॅटजीपीटीने दिलेली उत्तरे जाणकारांपुढे ठेवली, तेव्हा ७८.६ टक्के वेळा त्यांनी यंत्राच्या उत्तराला पसंती दिली; त्यांना ती अधिक सविस्तर आणि सहानुभूतीची वाटली. याचा अर्थ डॉक्टरांकडे सहानुभूती नाही असा मी घेत नाही. घाईत लिहिलेल्या दोन ओळींत ती मावली नाही, असा घेतो. आपल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार यंत्राला स्वतः रुग्णाला सल्ला देण्याची किंवा औषध लिहून देण्याची मुभा नाही, ते डॉक्टरांना मदत करू शकते. ही रेषा योग्य जागी आहे. संदेशातले वय, तारीख, चालू औषधे यांची मांडणी यंत्राने खुशाल करावी. ‘सोमवार-गुरुवार अर्धी जास्त’ या वाक्याखाली मात्र नोंदणी क्रमांक असलेल्या माणसाचे नाव पाहिजे, कारण त्या अर्ध्या गोळीची जबाबदारी कोणीतरी घ्यावी लागते.

म्हणून माझी मागणी साधी आहे. महाराष्ट्र वैद्यक परिषदेने आणि डॉक्टरांच्या संघटनांनी मिळून मराठीत एका पानाचा नमुना तयार करावा: रुग्णाने लिहिताना नाव, वय, आजार, चालू औषधे, तक्रार कधीपासून, रिपोर्टची तारीख हे कसे द्यायचे, उत्तर किती वेळात मिळेल, फी किती. तो प्रत्येक दवाखान्यात लावावा. रुग्णालयांनी डॉक्टरांच्या वेळापत्रकात लेखी उत्तरांसाठी रोजचा अर्धा तास राखून ठेवावा आणि तो कामाचा वेळ म्हणून मोजावा. परिषदेची वाट पाहण्याचीही गरज नाही. एखाद्या तालुक्यातल्या पाच डॉक्टरांनी ठरवले तर पुढच्या महिन्यापासून हे सुरू होईल. आणि श्रोतेहो, आपल्यापैकी ज्यांच्या घरात जुनाट आजार आहे, त्यांनी पुढच्या भेटीत डॉक्टरांना हे चार प्रश्न विचारावेत: लिहायचे कुठे, केव्हा, किती शुल्क, आणि काय लिहायचे नाही. छातीत दुखणे, श्वास लागणे, एका बाजूची ताकद जाणे, बेशुद्धी, थांबत नसलेला रक्तस्राव, यांतले काहीही असेल तर लिहीत बसू नका. १०८ ला फोन करा.